चौकडीखालची खुंटी

सीताफळाचा वास मला सहन होत नाही. घरात कुणी फोडलं तर मी उठून मागच्या दारी जातो. बायको म्हणायची, पित्त आहे, तपासून घ्या. मीही पित्तच म्हणत आलो. अकरा वर्षं झाली. पित्त नाही ते. काय आहे ते आज लिहून टाकतो, कारण तोंडाने सांगायचं तिथे सांगून झालं आहे, आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी सुतार. चोपड्याहून सातपुड्याकडे जो रस्ता निघतो त्यावर माझं वर्कशॉप आहे. दारं, खिडक्या, देव्हारे, लग्नातले पाट. पण पोरवयात मी धुळ्याला बंदूक दुरुस्तीच्या एका दुकानात चार वर्षं काढली, आणि तिथे दस्ते करायला शिकलो. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवून माणूस नेम धरतो. शिकार बंद होऊन जमाना झाला, पण जुन्या शिकारी घराण्यांकडे रायफली राहिल्या, परवाना पीकसंरक्षणाचा झाला, आणि मोडलेले दस्ते घेऊन माणसं येत राहिली.

त्या दुकानातले उस्ताद फार बोलायचे नाहीत. लोखंडी भागाला दिव्याची काजळी फासायची, तो लाकडात दाबून बघायचा, उचलायचा. जिथे काळा डाग उठला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीने खरवडायचं. परत काजळी, परत दाबणं. दिवसभर हेच. माझी नखं कायम काळी असायची. उस्तादांनी एकच गोष्ट मला दहादा सांगितली असेल. "बंदुकीच्या घोड्याच्या मागे हात धरतो ना, ती दस्त्याची मान. तिथे लाकूड सर्वांत बारीक आणि धक्का सर्वांत मोठा. रेषा मानेतून सरळ मागे गेल्या पाहिजेत. गाठ नको, भोक नको, काही नको. मान नासकी असेल तर ते लाकूड चुलीत घाल."

चुलीत घाल. एवढं साधं होतं ते.

लाकडी दस्त्याचं कौतुक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्या रेषा, तो रंग, गालाला लागणारी ती ऊब. ऐकलं की आता मला कानकोंडं होतं. खरं सांगतो, आपल्या या मुलखात लाकडाचा दस्ता म्हणजे नुसती डोकेदुखी. वैशाखात तो आक्रसतो, स्क्रू ढिले पडतात, रायफल हातात खुळखुळते. श्रावणात तो फुगतो, नळीला रेटतो, आणि नेम हातभर बाजूला जातो. इलेक्शन लागलं की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. तिथल्या खोलीत महिना-दोन महिने ओलीत पडून राहायचं, आणि परत घेताना दस्त्यातून वाळवीची माती गळायची. जवसाचं तेल चोळा, लाख लावा, काही करा. फायबरच्या दस्त्याला यातलं काही होत नाही. हे मला तेव्हाही चांगलं माहीत होतं.

नाना आले ते असंच वाळवी लागलेलं धूड घेऊन. आमच्या भागातले केळीचे मोठे बागायतदार. वडिलांची तीनशे पंधरा बोअरची रायफल, आणि दस्ता हाताने दाबला तर भुगा.

"जळगावच्या दुकानदाराकडे गेलो होतो, मिस्त्री," नाना म्हणाले. "तो म्हणतो फायबरचा बसवा, आयुष्यभर बघायला नको. मी म्हटलं, बादली आणायला आलो का रे तुझ्याकडे?"

मी हसलो. त्या सुमाराला लोक माझ्याकडून दारं करून घ्यायचे बंद झाले होते. बाथरूमला प्लास्टिकचं दार, घराला दुकानातून उचललेलं तयार दार. माझा रंधा आठ-आठ दिवस खुंटीला टांगलेला. आणि इथे एक माणूस प्लास्टिकला नावं ठेवत होता. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्यापायी मी म्हणालो, "लाकूड ते लाकूड, नाना. प्लास्टिकला काय जीव असतो?"

दुकानदाराचं ऐका, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

नानांनी लाकूडही ठरवूनच आणलं होतं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी खळ्यात निंबाखाली उभी होती. ट्रॅक्टर आला, बैल गेले, वडीलही गेले; गाडी कुणी मोडली नाही. तिच्या दोन्ही दांड्या तिवसाच्या. "बाबांची रायफल, बाबांच्या गाडीचं लाकूड," नाना म्हणाले. "दसऱ्याला पुजायची आहे. लोक बघत राहिले पाहिजेत."

तिवसाचं लाकूड चिवट, आणि चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन वाळलेलं. बाहेरून बघितलं तर त्याच्यापेक्षा चांगलं लाकूड दस्त्याला मिळायचं नाही. पण गाडीची दांडी म्हणजे दांडी. तिला ठिकठिकाणी खिळे ठोकलेले, पट्ट्या जडवलेल्या, बोल्ट आरपार गेलेले. मी आठ दिवस काम केलं. रायफलचं लोखंड बसत आलं, दस्त्याचा आकार उतरला, आणि मान बारीक करायला कानस लावली तेव्हा एके ठिकाणी कानस पचकन आत गेली.

आत जुन्या बोल्टचं भोक होतं. बोल्ट कधीतरी काढून, भोकात माती-डांबर काहीतरी भरून, वरून रंग फासलेला. गंजाने भोकाभोवतीचं लाकूड काळं पडलं होतं. नखाने टोकरलं तर ओल्या चहाच्या चोथ्यासारखं निघायचं. बरोबर मानेत. दसरा चार दिवसांवर.

दुसरी दांडी होती. ती चिरून पहिल्यापासून सुरुवात करायची तर दसरा चुकणार. नानांना सांगायचं तर ते म्हणणार, आठ दिवस काय झोपा काढल्या? आणि मी तर प्लास्टिकला नावं ठेवून बसलेलो.

मी भोक साफ केलं. त्याच दांडीच्या तुकड्याची गोल खुंटी केली, सरसात बुडवून ठोकली. कडेची फट बारीक भुसा आणि सरस कालवून भरली. मग बारीक कुंचल्याने काजळी घेऊन खुंटीवरून रेषा ओढल्या, आजूबाजूच्या रेषांना जोडून. शेवटी मानेवर चौकडी कोरली. हाताची पकड निसटू नये म्हणून तिथे शंकरपाळ्यांसारखी बारीक नक्षी करतात, ती. नक्षी झाल्यावर खुंटी कुठे होती ते मलाच सापडेना.

त्या क्षणी मला लाज वाटली नाही. हेच आज सगळ्यांत घाण वाटतं. मी खूश झालो होतो. दोन पावलं मागे जाऊन, मान तिरपी करून, एखाद्या नवरीकडे बघावं तसं मी त्या खोट्या मानेकडे बघत बसलो.

दसऱ्याला रायफल पाटावर मांडली. हळद, कुंकू, झेंडू. माणसं वाकून वाकून चौकडीवरून बोटं फिरवत होती. "हे मशीनचं काम वाटत नाही," कुणीतरी म्हणालं. नानांनी मला ओट्यावर बोलावून टॉवेल-टोपी दिली. मी घेतली.

रायफलचा परवाना नानांचा, पण ती वापरणारा माणूस दुसराच. डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा माझ्याच वयाचा माणूस त्यांच्याकडे रखवालीला होता. घरी कोरडवाहू तुकडा, तो बायको बघायची. हा आठ महिने नानांच्या मळ्यातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर. रानडुकरं आली की तो बार काढायचा. कायद्याने ते चालत नाही हे त्याला, नानांना, सगळ्यांना माहीत होतं. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी डुकरांचा कळप मक्यात शिरला. त्याने गाल टेकवून बार काढला आणि दस्ता मानेत फुटला. करंगळीएवढी कपची उजव्या डोळ्यात शिरली. जळगावच्या दवाखान्यात माळ्यावरून पडून बांबू लागला असं सांगितलं गेलं. डोळा काढावा लागला.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी त्या दिवशी एका देव्हाऱ्याचे खांब रंधत होतो. रंधतच राहिलो.

महिन्या-दीड महिन्याने तो स्वतः वर्कशॉपला आला. डोळ्यावर पांढरी पट्टी. हातात सिमेंटचं रिकामं पोतं, त्यात दस्त्याचे दोन तुकडे. नानांनी जोडता येतं का बघायला पाठवले होते. पोतं खाली ठेवून तो उभाच राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमनं काम मन्हा हातथीन वाया गयं."

मला कळेना तो काय म्हणतोय.

"एक सांज माळावर चढता चढता बंदूक हातथीन सटकनी. दगडवर पडनी. तवयच चीर गयी व्हई. मी नानाले सांगं नही. भ्याव वाटना. आते सांगी दिन्हं." मग पोत्याकडे बघून, "इतलं भारी काम व्हतं तुमनं. नानाना बापनी गाडीनं लाकूड. माफ करा, भाऊ."

मी पोत्यातून तुकडा काढला. मान जिथे मोडली होती तिथे माझी खुंटी जशीच्या तशी दिसत होती, किडक्या दाढेसारखी, भोवती काळं कडं. दगडावर पडून चीर गेली असती तर ती अशी गोल गेली नसती. लाकूड भोकाच्या कडेने फाटलं होतं. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. तो तुकडा मी उलटा धरला, खुंटी तळहाताखाली झाकली, आणि म्हणालो,

"जाऊ दे. होतं असं कधीकधी."

त्याला चहा पाजला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, कारण एका डोळ्याने अजून अंदाज येत नव्हता. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अडवलं, पण उशिरा. त्याचे हात माझ्या पायाला लागले होते.

माणूस माणसाचे पैसे खातो, जमीन खातो. मी त्याची माफी खाल्ली. ती त्याने मागायचीच नव्हती, आणि मी ती घेऊन वर "जाऊ दे" म्हटलं, मोठ्या मनाचा असल्यासारखं.

पुढच्या आश्विनात तो सीताफळं घेऊन आला. डोंगरातली, लहान पण गोड. बांबूची विणलेली पाटी, वर पळसाची पानं. "घरनी दिन्ही तुमनासाठे," म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी परत. अकरा वर्षं, अकरा पाट्या. माझी मुलं ती खाऊन मोठी झाली. नानांनी त्याला कामावर ठेवला, पण बंदूक परत हाती दिली नाही. तो डबा वाजवून पोपट हाकायचा. गावात नानांचं नाव झालं. एवढं नुकसान केलं तरी माणूस टाकला नाही, असं. आणि तो? दसऱ्याला सगळे गडी ओट्यावर चढून सोनं द्यायचे, तो खालच्या पायरीवरूनच हात वर करायचा. हे मी दरवर्षी बघत होतो. आणि दरवर्षी मी घरी येऊन जेवायचो.

तुकडे मी जोडता येत नाहीत म्हणून ठेवून घेतले होते. माडीवर, जुन्या चौकटींच्या मागे.

यंदा पोळ्यानंतर नाना पुन्हा आले. आता पिकलेत, काठी लागते. रानडुकरांचा त्रास वाढलाय, नवा रखवालदार ठेवलाय, रायफल तशीच बिनदस्त्याची पडून आहे.

"दुसरी दांडी अजून आहे, मिस्त्री. तसाच बनव. ती चौकडी हवी बरं का. लोक अजून विचारतात."

तशीच चौकडी, आणि तिच्यामागे आता दुसऱ्या कुणाचा तरी गाल. मी पेन्सिल खाली ठेवली. आणि अकरा वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर आलं. काही ठरवून नाही. उलटी ठरवून होत नाही.

"नाना, त्या दस्त्याच्या मानेत बोल्टचं भोक होतं. मी खुंटी मारून लपवलं. त्याच्या हातून काही झालं नव्हतं."

नाना चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तो बोल्ट मीच काढला होता. जू बदललं तेव्हा. डांबर भरून वरून रंग दिला मीच."

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं तू बघशील. मिस्त्री तू का मी?" आणि ते हसले, अगदी मोकळं. "आणि त्याला काय कमी केलं मी? दुसरा असता तर हाकलला असता. बरं ते सोड, दांडी कधी पाठवू?"

"पाठवू नका. फायबरचा घ्या."

"आता तूही बादल्या विकायला लागला का?"

ते गेल्यावर मी नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ. नानांची किळस आली हे खरं, पण ती किळस माझ्या अंगाला आतून चिकटलेली होती. आम्ही दोघं एकाच भोकातून बघत बसलो होतो, आणि पलीकडे तो एका डोळ्याने आमची माफी मागत होता.

सीताफळं पिकायला महिना होता. बारावी पाटी यायच्या आत जायचं, एवढंच ठरवलं. माडीवरून तुकडा काढला, तेच सिमेंटचं पोतं घेतलं, आणि मोटरसायकलवर पाड्याला गेलो.

तो अंगणात मुगाच्या शेंगा बडवत होता. मला बघून घाईने खाट टाकली. मी बसलो नाही. तुकडा त्याच्या हातात दिला आणि त्याचं बोट धरून खुंटीवर ठेवलं. "हे मी केलंय," म्हणालो. "तुझ्या आधी. बंदूक तू पाडलीस काय, न पाडलीस काय, दस्ता फुटणारच होता. मला माहीत होतं. तू आलास तेव्हाही."

तो त्या गोलावरून बोट फिरवत राहिला. एकदा, परत एकदा. मग चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बघितलं.

"काबर नही सांगं तवय?"

दसरा जवळ आला होता, हे उत्तर मी देऊ शकलो नाही.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो घराकडे वळून म्हणाला, "ये व, बाहेर ये." बायको आली, हाताला पीठ. मागून सून. शेजारचा एक म्हातारा काठी टेकत आला.

"हिले सांगा," तो मला म्हणाला. "अकरा वरीस हाई माले म्हनस, तुमना हातमा काहीच टिकत नही. पहिलेथीन सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. बोल्टचं भोक, दसरा, सरस, काजळीच्या रेषा, चौकडी. मध्येच म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही म्हणून त्याने परत विचारलं, आणि मला ते परत, मोठ्याने सांगावं लागलं. सून पदर तोंडाला लावून उभी होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या एका नजरेत अकरा वर्षांची बोलणी तिने परत घेतली असावीत. मग माझ्याकडे वळली.

"मन्ह्या पाट्या कोठे शेत?"

"काय?"

"सीताफळन्या पाट्या. अकरा पाट्या मी हातथीन इणेल शेत. फळे खादात, पाट्या कोठे शेत?"

एकही पाटी मी कधी परत केली नव्हती. दरवर्षी तो "ऱ्हाऊ द्या" म्हणायचा आणि मी राहू द्यायचो.

"आणतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उलटंपालटं केलं. सात मिळाल्या. दोन पाट्यांत खिळे होते, एकीत सरसाचे डबे, बाकीच्यांत भुसा. झटकल्या, पाण्याने धुतल्या, एकात एक घालून मोटरसायकलला बांधल्या. चार नव्हत्या. मोडक्या झाल्या म्हणून थंडीत शेकोटीत घातल्या होत्या, भुशासकट.

पाड्यावर पोचलो तेव्हा तो घरी नव्हता. बायकोने पाट्या उतरवल्या, एकेक उजेडात धरून विणीत बोट घालून तपासली.

"चार कमी शेत."

"जाळल्या," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. पाट्या आत नेऊन ठेवल्या. परत आली तेव्हा म्हणाली, "घरधनी गयात नानाकडे. तो तुकडा लिसन. तुमनी वाट दखी नही."

मी मोटरसायकल वळवली. नानांच्या घरासमोर चार-पाच गडी उभे होते, कामाला न जाता. तो ओट्यावर होता. पायरीवर नव्हे, वर, जाजमावर, मांडी घालून, आणि तुकडा समोर ठेवलेला, खुंटीची बाजू वर. नाना खुर्चीत. मला बघून नाना म्हणाले, "ये मिस्त्री, तूच समजाव याला, एवढ्या वर्षांनी कशाला हे उकरायचं?"

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला माझी गरज नव्हती. तरी मी चपला काढल्या, पायरीवर उभा राहिलो, आणि त्या गड्यांकडे तोंड करून, परत एकदा, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

नानांनी पुढे जळगावहून फायबरचा दस्ता आणला आणि बसवायला माझ्याकडे पाठवला. काळा, खरबरीत, बोटाने वाजवला तर खरंच बादलीसारखा आवाज येतो. ना रेषा, ना वास. मी तो हातात घेऊन मान नीट तपासली. आत काही लपवायला जागाच नाही.

यंदा आश्विनात पाटी आली नाही. बायकोने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि बोल्टच्या भोकापासून सांगितलं.